ठिपक्याची इर्जिक

लातूर,
१६ जून २०१३

चि. भार्गवीस मामाचा आशीर्वाद,

पाकिटात सीडी आहे ती आधी बाजूला काढून ठेव, नाहीतर तुझी आई तिच्यावर चहाचा कप ठेवेल. सीडीवर ‘ठिपका’ आहे. फाईलचं नाव ‘ठिपका_शेवटचं_खरंच_शेवटचं_३’ असं आहे. हसू नकोस. तू विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात पोरांना प्रोग्रॅमिंग शिकवतेस, मी लातूरच्या क्लासमध्ये बारावीला फिजिक्स शिकवतो. या कामात मी हौशी माणूस, नावं ठेवायची शिस्त मला कुणी लावली नाही.

माझी नऊ वर्षांची रविवारची कमाई म्हणजे हा ठिपका. साध्या स्कॅनरवर उत्तरपत्रिका ठेवायची, पोरांनी पेनाने रंगवलेले गोल तो ओळखतो आणि मार्क देतो. मोठ्या क्लासेसकडे त्यासाठी मशिनी आहेत. खेड्यातल्या शाळांकडे नाहीत, म्हणून जो मागेल त्याला मी सीडी करून देतो.

आता खरी बातमी. किल्लारीच्या एका शाळेचे मुख्याध्यापक शेषेराव सर काल भेटले. येत्या तीस सप्टेंबरला भूकंपाला वीस वर्षं होतील. आदल्या दिवशी रविवार आहे. त्या दिवशी आसपासच्या सतरा गावांतल्या दहावी-बारावीच्या पोरांची मोफत सराव परीक्षा घ्यायची आणि निकाल त्याच संध्याकाळी लावायचा, असं आम्ही उभ्या उभ्या ठरवलं. लातूरच्या पोराला पेपर दिला की दोन तासांत कळतं कुठं चुकलं. तिकडच्या पोराला आठवड्याने कळतं, तोवर त्याला प्रश्नही आठवत नाही. शेषेराव सरांची अट एकच. म्हणाले, “त्या दिशी कुण्या क्लासचा बॅनर नको. पोरायची नावं-नंबर बी कुणाला द्यायचे न्हाईत.” मी शब्द दिला.

अडचण अशी की शाळेच्या झेरॉक्सवर कागद जरा तिरका आला की ठिपक्याची नजर फिरते, तो शेजारचाच गोल वाचतो. चार वर्षं यावर डोकं आपटतो आहे. या वेळी पेपर चौदाशे असतील. तुला काही जमतंय का बघ.

आणि फोन करू नकोस. फोनवर तू बोलतेस आणि मी हं हं करतो. कागदावर दोघांना सारखी संधी मिळते.

तुझा,
हणमंतमामा


विष्णुपुरी, नांदेड,
२७ जून २०१३

प्रिय मामा,

कागदावरून पाया पडते. आधी गुन्हा कबूल करते, मग बातमी सांगते.

तुम्हाला न विचारता मी ठिपका गिटहबवर ठेवला. गिटहब म्हणजे प्रोग्रॅम उघड्यावर ठेवायची जागा. कुणीही यावं, वाचावं, आपली एक प्रत काढून घ्यावी, तिच्यात दुरुस्ती करावी आणि वाटलं तर मूळ मालकाला विचारावं, “ही घेता का?” मालकाने हिरवं बटण दाबलं की दुरुस्ती मूळ प्रोग्रॅममध्ये जाते. कुणी, कधी, काय आणि का बदललं ते तारखेनिशी लिहिलेलं राहतं. आपल्या पत्रांसारखंच, फक्त मध्ये टपाल खातं नाही. खातं तुमच्याच नावाने काढलं आहे. पासवर्ड म्हणजे आबा आजोबांच्या शेवटच्या बैलजोडीची नावं, जोडून लिहिलेली. तुम्ही विसरणार नाही याची आईने खात्री दिली.

आता बातमी. नऊ वर्षांत तुमच्या सीड्या पन्नास-साठ शाळांत गेल्या असतील. त्यांतल्या एकाने तरी दुरुस्ती करून परत पाठवली का? नाही ना? लोक आळशी होते असं मला वाटत नाही. परत पाठवायला वाटच नव्हती. इथे आठ दिवसांत सात जणांनी प्रत काढली आहे मामा. एक ब्राझीलमधली गणिताची शिक्षिका आहे, लुसिया नावाची. तिच्याही शाळेत मशीन नाही. आणि एक मलप्पा म्हणून आहेत, पॉलिटेक्निकमध्ये शिकवतात, गाव भालकी. निलंग्याच्या पलीकडचं भालकी! ब्राझीलची बाई आणि भालकीचे गुरुजी एकाच आठवड्यात तुमच्या ओसरीवर आलेत. मी कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये एकटीच हसत होते, पोरं बघत होती.

रागावलात तर लगेच लिहा.

तुमची,
भार्गवी


लातूर,
४ जुलै २०१३

चि. भार्गवी,

आशीर्वाद आहेतच, पण या वेळी जरा आवळून.

नऊ वर्षं एका माणसाने राबायचं आणि आठ दिवसांत सात वाटण्या? तुझ्या त्या मलप्पाच्या पानावर गेलो तर ठिपक्याचं नावच बदललेलं, वर कानडीत काहीतरी लिहिलंय. आपल्याकडे शेजारी बांध कोरतो, पण निदान दरसाल टीचभर कोरतो. या गृहस्थाने सातबाराच उचलला. आणि तू म्हणतेस ओसरीवर आलेत. पोरी, तू शिकलीस लई, पण आपली शेतकऱ्याची जात विसरलीस. जे उघड्यावर ठेवतो ते आपलं राहत नसतं.

ते सगळं खाली उतरव. सीडीच बरी होती.

मामा

ता. क. पत्र टाकायला दोन दिवस जमलं नाही, तेवढ्यात एक झालं. मलप्पाने नक्की काय चोरलं ते बघावं म्हणून मी त्याची प्रत उघडली. त्याने उत्तरपत्रिकेच्या चार कोपऱ्यांवर चार काळे चौकोन टाकलेत. प्रोग्रॅम आधी ते चौकोन शोधतो, त्यावरून कागद किती तिरका आहे ते ठरवतो आणि मग गोल वाचतो. चार वर्षं मी स्कॅनरवर पट्टी लावून कागद सरळ बसवत होतो. कागद वाकडा तर वाकडा, आपली नजर सरळ करावी, हे मला फिजिक्सच्या माणसाला सुचलं नाही. मी मुद्दाम तिरके वीस पेपर घातले. वीसच्या वीस बरोबर. स्टाफरूममध्ये टेबलावर थाप मारली तर केमिस्ट्रीच्या सरांचा चहा सांडला.

उतरवू नकोस. राग अजून आहे, पण उतरवू नकोस.


विष्णुपुरी,
११ जुलै २०१३

प्रिय मामा,

तुमच्या पत्राचा पहिला भाग आईने मोठ्याने वाचला आणि ताजा कलम मी वाचला. तुमची बहीण म्हणाली, “माझा भाऊ शोभतो खरा. आधी भांडून घेतो, मग बघतो.”

मामा, जमिनीची वाटणी झाली की दोघांकडेही कमी उरते. ठिपक्याच्या सात प्रती निघाल्या तरी तुमचा ठिपका एका ओळीनेही कमी झाला नाही. मलप्पांनी नाव बदललं कारण त्यांच्या शाळा कानडी आहेत. पण पहिल्याच पानावर बघा, ‘मूळ लेखक: हणमंत, लातूर’ हे त्यांनी जसंच्या तसं ठेवलंय. आणि कोपऱ्यांची ती दुरुस्ती त्यांनी तुम्हाला कधीच देऊ केली आहे. तुमच्या दारात दोन आठवडे उभी आहे बिचारी, तुम्ही हिरवं बटण दाबायची वाट बघत.

ही वाटणी नाही, इर्जिक आहे. आई सांगते ना, ज्या साली आबांचा पाय मोडला त्या साली गावातल्या अकरा जोड्या आपापले नांगर घेऊन न बोलावता शेतावर आल्या, एका दिवसात सगळं रान नांगरून गेल्या आणि आबांनी त्यांना फक्त जेवण घातलं. हे तसंच आहे. तुम्ही दार उघडा, बाकी जोड्या आपोआप येतील.

भार्गवी


लातूर,
२५ ऑगस्ट २०१३

माझ्या गुणी भाचीस,

काय सांगू आणि काय नको असं झालंय. इर्जिक हा शब्द तू लिहिलास आणि माझ्या डोक्यातली सगळी जळमटं निघाली. आता सकाळी सहाच्या बॅचआधी मी गिटहब उघडतो, देवपूजा नंतर. रोज कुणीतरी आलेलं असतं. एकाने पेन्सिलचे फिकट गोल वाचायची सोय केली. एकाने वेग दुप्पट केला, का आणि कसा ते मला अजून कळलेलं नाही. लुसियाबाईंच्या देशात एका प्रश्नाला पाच पर्याय असतात म्हणे, आपल्याकडे चार, तर त्यांनी पाचव्याची जागा केली. मलप्पांशी तर रोजचं बोलणं आहे, अर्धं इंग्रजी, अर्धं कानडी-मराठी. काल म्हणाले, “सर, तुमचा कोड वाचताना शाळेतल्या मास्तरांची आठवण येते, प्रत्येक ओळीला समजावून सांगता.”

एकूण चोवीस जण आले. मी चोविसांनाही हो म्हटलं. एकालाही परत लावलं नाही. दारात आलेल्या जोडीला कधी परत लावतात का? प्रत्येकाला इंग्रजीतून आभाराच्या चार ओळीही लिहिल्या.

आठ सप्टेंबरला किल्लारीत रंगीत तालीम ठेवली आहे, दोनशे पोरांची. शेषेराव सर गावोगाव सांगून राहिलेत की त्याच दिवशी निकाल लागणार. एकोणचाळीस वर्षांच्या आयुष्यात मला इतका उत्साह कधी आला नव्हता. खरं वय तुझी आई सांगेल, तिचं ऐकू नकोस.

मामा


विष्णुपुरी,
१ सप्टेंबर २०१३

प्रिय मामा,

चोवीस! कॉलेजला तपासणी समिती येणार म्हणून आम्ही सगळे फायलींत बुडालो आहोत, मी दोन आठवडे गिटहब उघडलंच नाही. पण तुमचं पत्र वाचूनच पोट भरलं. शाब्बास. असंच चालू द्या. तालमीचं काय झालं ते कळवा.

घाईत,
भार्गवी


लातूर,
९ सप्टेंबर २०१३

चि. भार्गवी,

हे पत्र नांदेड गाडीच्या ड्रायव्हरच्या हाती देतो आहे. फोनवर मला हे सांगता आलं नसतं.

काल तालीम झाली. दोनशे बारा पेपर. निकालाचा कागद शाळेच्या भिंतीवर लावला, पोरं तुटून पडली आणि मग एकेक मागे सरकली. तनुजा नावाची बारावीची मुलगी आहे, वडील साखर कारखान्यात कामाला. शाळेतली सगळ्यांत हुशार. पन्नासपैकी चार मार्क. तिने कागद दोनदा बघितला आणि मला म्हणाली, “सर, माझं इतकं वाईट हाय व्हय?”

मी तिचा पेपर तिथंच हाताने तपासला. सेहेचाळीस बरोबर होते. सगळ्यांचंच तसं. ठिपका शेजारच्या रांगेतले गोल वाचत होता. तिला मी खरे मार्क सांगितले, ती हसलीही, पण तो पहिला प्रश्न तिने विचारला तो विचारलाच. दोनशे बारा पेपर मी हाताने तपासून आज परत दिले.

आज क्लासच्या संचालकांनी बोलावलं. त्यांच्यापर्यंत बातमी आधीच गेली होती. “मशीन घेऊन जा सर, काही हरकत न्हाई. फक्त स्टेजमागं आपला बॅनर लावू, आन् पोरायचे नंबर आपल्याकडं राहू द्या.” शुक्रवारपर्यंत सांगा म्हणाले. शेषेराव सरांना मी शब्द दिलाय आणि चौदाशे पोरांना निकालाचा शब्द दिलाय. दोन्ही शब्द एकदम पाळता येत नाहीत असं दिसतं.

मी सगळ्यांना हो म्हणालो म्हणून असं झालं का? मला एवढंच माहीत होतं की आलेल्या जोडीला परत लावू नये.

मामा


विष्णुपुरी,
१० सप्टेंबर २०१३

प्रिय मामा,

त्याच ड्रायव्हरकाकांच्या हाती उत्तर देते आहे, ते संध्याकाळी परत निघतात. नीट वाचा, कारण बातमी चांगली आहे.

आधी माझी चूक. चोवीसच्या चोवीस घेतलेत हे वाचून मला धडकी भरायला हवी होती. मी न बघता शाब्बास म्हटलं. इर्जिक हा शब्दही मीच दिला आणि अर्धा दिला. आज दुपारभर मी चोवीस दुरुस्त्या एकेक करून वाचल्या. एकही माणूस चुकलेला नाही. लुसियांनी पाच पर्यायांची रांग केली ती त्यांच्या शाळेसाठी बरोबर. वेग वाढवणाऱ्याने चार पर्याय धरून हिशेब बसवला तोही बरोबर. पण एकाने उभी नांगरट केली आणि दुसऱ्याने त्याच रानात आडवी. बांधावर उभं राहून बघायला कुणी नव्हतं.

आता आई काय म्हणाली ते ऐका. महालक्ष्म्यांच्या फराळाचे लाडू वळता वळता तिने तुमचं पत्र ऐकलं आणि म्हणाली, “हणमंता तवा पाच वर्षांचा. त्याला जेवणाची पंगत तेवढी ठावं. आबा काठी टेकून दिसभर बांधावर हुभा व्हता. कुणी कुठून धरायचं ते सांगत व्हता. आन् एका जोडीला परत बी लावलं की. म्हणला, तुझा नांगर जड हाय गड्या, हितं माती पातळ हाय, खालचा मुरूम वर येईल. आज नको. पण जेवून जा.”

पण जेवून जा, मामा. हे तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

आता काम. गिटहबवर प्रत्येक पाऊल जपलेलं असतं. मी एका आज्ञेसरशी ठिपका दोन ऑगस्टच्या अवस्थेत नेला आहे, मलप्पांचे कोपरे आहेत पण गोंधळ नाही. सीडीवर असतं तर तो ठिपका आपल्याला शोधूनही सापडला नसता. तुम्ही हाताने तपासलेले ते दोनशे बारा पेपर सोनं आहेत. ते परत गोळा करा, नावं झाकून स्कॅन करा आणि खऱ्या मार्कांसकट गिटहबवर ठेवा. यापुढे कुणीही दुरुस्ती आणली की आधी ती दोनशे बारा पेपरांवर चालवायची. एक जरी मार्क चुकला तर आत नाही. चोवीस जणांना मी तसं लिहिलंय. एकेकाने पुन्हा यावं, आणि हो किंवा नाही हे मालक सांगेल.

मालक तुम्ही. काठी घ्या आणि बांधावर जा. पहिला नकार संचालकांना दिलात तर सवय होईल.

भार्गवी


लातूर,
१९ सप्टेंबर २०१३

चि. भार्गवी,

तुझ्या आईला सांग, आबांची काठी मिळाली.

संचालकांकडे शुक्रवारी गेलो. “साहेब, मशीन नको.”

“मग निकाल कसा लावता?”

“माणसं येऊन राहिलीत ना.”

“कुठली माणसं?”

“एक ब्राझीलची हाय.”

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि सुट्टी हवी आहे का असं विचारलं.

खरा अवघड नकार लुसियाबाईंचा होता. दोन दिवस लागले. घरी आलेल्या पाहुण्याला ताट न वाढता उठवल्यासारखं वाटत होतं. शेवटी लिहिलं की बाई, तुमचं काम चोख आहे, पण आमची माती पातळ आहे, एकोणतीस तारखेपर्यंत हा पाचवा पर्याय इथे पेलणार नाही. तुमच्या प्रतीत तो राहू द्या, आणि इथून जाऊ नका, पेन्सिलच्या फिकट गोलांत मला तुमची मदत हवी आहे. मग हिरवं बटण न दाबता बसून राहिलो. वाटलं, गेली बाई.

दुसऱ्या दिवशी तिचं उत्तर. माझं काम इतकं शेवटच्या ओळीपर्यंत कुणी वाचलं नव्हतं, म्हणून आभार मानते, असं तिने लिहिलं होतं. आणि सोबत फिकट गोलांची दुरुस्ती, दोनशे बारापैकी दोनशे अकरा बरोबर. उरलेला एक मी आणि मलप्पांनी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत धरला. दोनशे बारा. सगळेच्या सगळे, पोरी. तनुजाचे सेहेचाळीस.

चोविसांपैकी पंधरा घेतले, नऊ परत लावले. नऊ जणांतला एकही रुसून गेला नाही. सगळ्यांना हो म्हणत होतो तेव्हा मी कुणाचंच वाचत नव्हतो, हे मला आता कळतंय. एकोणतीसला तू येतेस ना?

मामा


विष्णुपुरी,
२४ सप्टेंबर २०१३

प्रिय मामा,

मला येता येणार नाही, त्या दिवशी परीक्षेची ड्यूटी लागली आहे आणि मी प्राचार्यांशी भांडून हरले आहे. पण माझ्या बदली कोण येतंय ते बघा. आई येते आहे. काल केळी घ्यायला अर्धापूरला गेलो होतो, परत येताना गाडीत एकदम म्हणाली, “म्या जाते किल्लारीला.” वीस वर्षांत ती त्या बाजूला फिरकली नाही, हे तुम्हाला माहीत आहे. केळीचे दोन घड तिच्यासोबत आहेत, स्कॅनरवर बसणाऱ्यांसाठी.

भार्गवी


लातूर,
१ ऑक्टोबर २०१३

चि. भार्गवी,

तेराशे शहाऐंशी पेपर. साडेचारला निकाल भिंतीवर.

सकाळी नऊलाच निलंग्याच्या जीपमधून एक जाडसर गृहस्थ दोन स्कॅनर पोटाशी धरून उतरले आणि म्हणाले, “मी मलप्पा.” तीन महिने रोज बोलतोय आणि मला ते सडपातळ वाटत होते. तिसरा स्कॅनर आमचा. कागद तिरके, मळके, एकावर केळ्याचा डाग. ठिपका वाचत गेला. शेषेराव सर दर शंभर पेपरांना एक कागद काढून हाताने तपासत होते. शेवटी त्यांनी पेन खिशाला लावलं आणि बाहेर जाऊन उभे राहिले. तनुजाला त्रेचाळीस. माझ्याशी भांडायला आली, “सर, एकतीस नंबरचा प्रश्नच चुकीचा हाय.” खरंच चुकीचा होता. माझाच होता. सगळ्यांना एकेक मार्क वाढवला आणि तिच्यासमोर कान धरला. बॅनर एकही नव्हता. फळ्यावर मात्र मी चोवीस नावं लिहिली, ज्यांचं काम घेतलं त्यांची आणि ज्यांचं परत लावलं त्यांचीही, गावासकट. पोरं ‘ब्राझील’ वाचून मागे वळून बघत होती, कुणी आलंय का म्हणून.

काल संध्याकाळी अक्का आणि मी आपल्या जुन्या गावाच्या जागेवर गेलो. तुला मी कधी सांगितलं नाही, तिनेही नसेल. भूकंपाच्या दिवशी आपल्या घराची माती उपसायला माझ्याबरोबर एक माणूस होता. कुठून आला माहीत नाही, आपल्याकडचा नव्हता, बोलणं वेगळं होतं. त्याच्याजवळ स्वतःचं फावडं होतं. सकाळपासून दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत तो माझ्या शेजारी उपसत राहिला. तुझी आजी सापडली, मग आबा सापडले. त्याने आबांच्या अंगावर आपला पंचा घातला, फावडं उचललं आणि पुढच्या घराकडे गेला. मी त्याचं नाव विचारलं नाही. जेवून जा म्हणायला घर उरलं नव्हतं.

तिथे उभा असताना अक्काला म्हटलं, वीस वर्षं मला त्याच्या शेतावर एकदा जायचं आहे, नांगर घेऊन. ते कुठं आहे तेवढं माहीत नाही.

ती जवळ आली, माझा हात धरून उभी राहिली.

मामा


विष्णुपुरी,
८ ऑक्टोबर २०१३

प्रिय मामा,

तुमचं पत्र मी आईला वाचून दाखवलं नाही. तिनेच मला पाठ असल्यासारखं सांगितलं, पंच्याचा रंगसुद्धा. आम्ही दोघी खूप रडलो आणि मग तिने थालीपीठं लावली.

त्या माणसाचं शेत आपल्याला सापडणार नाही, मामा. पण ज्यांची शेतं सापडतात अशा चोवीस जणांची नावं तुम्ही फळ्यावर लिहून आलात. इर्जिकीला आलेल्यांच्या शेतावर उलट जावं लागतं, हे तरी तुम्हाला नक्की माहीत असेल. लुसियांची प्रत उघडीच आहे. त्यांच्या पाच पर्यायांत अजून बऱ्याच अडचणी दिसतात मला.

भार्गवी


लातूर,
२८ ऑक्टोबर २०१३

चि. भार्गवी,

गेलो.

लुसियाबाईंच्या प्रतीत मी माझी पहिली दुरुस्ती पाठवली. पोराचा कुठला प्रश्न चुकला ते प्रत्येकाला वेगळ्या कागदावर छापून द्यायची सोय. बारा दिवस खपलो, मलप्पांकडून दोनदा तपासून घेतली, मग पाठवली. इतका घाबरलो होतो, स्वतःच्या बारावीच्या निकालाला घाबरलो नव्हतो. दिवसातून आठ वेळा उघडून बघत होतो. सहाच्या बॅचला न्यूटनचा तिसरा नियम दोनदा शिकवला.

आज सकाळी उत्तर आलं. तिने नाही म्हटलं. काम सुंदर आहे, म्हणाली, पण माझ्या शाळेत छपाईचं यंत्र एकच आणि तेही बहुतेक बंद असतं, इतके कागद आम्हाला पेलणार नाहीत.

ते वाचलं आणि माझा नियम मोडून मी तुमच्या घरी फोन लावला. तू कॉलेजात होतीस, तुझ्या आईने घेतला. म्हटलं, “अक्का, परत लावलं मला.”

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “आन् पुढं काय म्हणली?”

मी तिला खालची ओळ वाचून दाखवली. लुसियाबाईंनी लिहिलं होतं, आज नको, पण जाऊ नका, पाचव्या पर्यायात आम्ही अडलोय आणि तुमच्यासाठी जागा राखून ठेवली आहे.

“अक्का,” मी म्हटलं, “जेवून जा म्हणली गं.”

मामा